चिमटे

मिरजेत आमच्या पार्लरमध्ये रोज सकाळी
आरसा पुसायच्या आधी कुकर चढतो.
पाच लिटरचा, दांडी तारेने बांधलेली.
सतारमेकरांच्या हमीदाआपा खिडकीतून विचारतात,
आज काय शिजतंय गं?
मावशी म्हणते, चिमटे.
चौदा वर्षं हाच प्रश्न, हेच उत्तर,
आणि चौदा वर्षं दोघी हसतात.

सुवार्तामावशी दवाखान्यात होती बावीस वर्षं,
तळघरात, वाफेच्या खोलीत.
तिथं पेशंट दिसायचा नाही, डॉक्टर दिसायचा नाही,
नुसती रक्ताळलेली हत्यारं खाली यायची
आणि गुंडाळून, चिकटपट्टी लावून वर जायची.
पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे वाफ पोचली.
नाही उमटल्या तर पुन्हा आत,
मग वर सर्जन का बोंबलेना.
नोकरी संपली तेव्हा घरी आलं ते एवढंच:
फंडाचे पैसे, गुडघेदुखी,
आणि त्या पट्टीचं अर्धं रीळ.

मी नुकतीच सांगलीहून कोर्स करून आले होते.
दोरा दातात धरायचे, सगळ्या धरतात तसा.
पहिलंच गिऱ्हाईक खुर्चीत,
आणि हिनं मागून पाठीत बोट खुपसलं:
तुझ्या तोंडातलं तिच्या डोळ्यावर?
मानेत अडकव.
आठ दिवस मान कापत होती.
भुवया एक पूर्वेला, एक पश्चिमेला.
पाच-सहा बायका कायमच्या पलीकडच्या गल्लीत गेल्या,
तिथली दातानं करते, झटकन करते.
मी रात्री मानेला खोबरेल लावत रडले.
मावशीनं बाटली हातात घ्यायच्या आधी
हात साबणानं धुतले. तिथंही.

मेणात पट्टी एकदा बुडवली की दुसऱ्यांदा नाही,
हे मला अजून जिवावर येतं.
किती मेण वाया जातं! मी हिशेब मांडून दाखवला होता.
तिनं वही उलटी ठेवली.

मग आरगेची नवरी आली, सन्मती चौगुले,
दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता.
ओठाच्या कोपऱ्यात पाणी भरलेले बारके फोड.
सोबत आत्या, तिच्या हातात पर्स, पर्सची चेन उघडीच.
मावशी म्हणाली, ओठावरची लव काढायची नाही.
बाकी सगळं करू.
आत्या म्हणाली, आमच्या पोरीला रोगी समजता काय?
सगळ्यांनाच समजते, मावशी म्हणाली. मला धरून.
पोरगी रडली. काजळ अजून लावलं नव्हतं, तेवढं बरं.
मावशीनं लिपस्टिकचं टोक चमच्यानं ताटलीत कापलं,
कापसाच्या काडीनं लावायचं कसं ते तिलाच शिकवलं,
उरलेला तुकडा कागदात बांधून दिला.
घरी ने. कुणाला देऊ नकोस. बहिणीलाही.
आणि परवा डॉक्टरला दाखव.

लग्नाचा फोटो आला तेव्हा
मी बोटांनी मोठा करून पाहिला.
दिसते का लव?
दिसते. जराशी.
छान दिसते पोरगी.

गेल्या रविवारी चर्चहून आल्यावर
मावशी आपणहून खुर्चीत बसली.
सहासष्ट वर्षांची, भुवईला कधी दोरा लागलेला नाही.
कर, म्हणाली.
आधी रीळ उलटसुलट करून बघितलं,
माझी नखं बघितली,
करंगळीवरचा ओरखडा बघितला, त्यावरची पट्टी बघितली.
मग डोळे मिटले.

माझ्या समोर तिनं डोळे मिटलेले
मी त्याआधी पाहिले नव्हते.
पलीकडे सतारमेकरांकडे कुणी तार चढवत होतं,
छेडायचं, थांबायचं, पुन्हा पीळ.
माझ्या मानेत दोरा ताणलेला,
आणि हात हलेना.

झालं तेव्हा ती उठली. आरशात पाहिलं नाही.
माझ्या मानेतला दोरा काढला,
आणि पिवळ्या डब्याचं झाकण
पायानं उघडलं.